निळे चमचे

ज्या काळी अवजारांना वाचा होती, त्या काळी अच्युतरावांच्या टेबलावर होडीचं एक छोटं लाकडी मॉडेल रंगाची वाट पाहत होतं. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सुलभाबाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं, "आमच्या बाबांची होती तशी निळी करा. मला पाहायचीय."

"मला उचला," स्प्रेचा डबा म्हणाला. "दुपारपर्यंत होडी निळी."

"आणि ओघळ कोण पुसणार?" एअरब्रश हसला. "तू आपला फाटकं रंगव, बाबा. माझा रंग धुक्यासारखा बसतो."

"बसतो ना! आधी तो पातळ करा, मग हवेचा दाब जुळवा, मग तुझं नाक धुवा."

होडी हळूच म्हणाली, "मला एखादा ओघळ चालेल. बाईंनाही चालेल."

अच्युतरावांनी एअरब्रश उचलला. रंग आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून पाहिला. गडद वाटला. दुसऱ्या चमच्यावर फिका पडला. रोज आतून हाक यायची, "झाली का हो?" आणि रोज ते म्हणायचे, "उद्या नक्की."

एकविसाव्या चमच्यावर रंग अगदी हवा तसा उतरला.

"बघा, याला म्हणतात काम!" एअरब्रश म्हणाला.

त्या दिवशी आतून हाक आली नव्हती.

होडी अजून कोऱ्या लाकडाचीच आहे. डबा न वापरताच गंजला. एकवीस चमचे मात्र टेबलावर ओळीने मांडलेले आहेत, आणि त्यातला शेवटचा खरोखरच सुंदर निळा आहे.