आधी हरणी, मग लेकी

फार वर्षांपूर्वी, हिंगणमाळाला कालवा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माळ असा कोरडा, की पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा लगेच पडे आणि पाणी मागाहून येई, तेही जरा मोजूनमापून. अशा माळावर ठकू नावाची एक धनगरीण राहत होती. नवरा लवकर गेला. मागं मेंढरं राहिली आणि एकुलती एक लेक, बायडा. ती लेक ठकूनं समोरच्याच पैलाडवाडीत दिली. लोक चेष्टा करायचे, की ठकूनं जावई बघितलाच नाही, नुसतं अंतर बघितलं. ठकूही हसायची. संध्याकाळी पल्याड लेकीच्या चुलीचा धूर दिसला, की तिला भाकरी गोड लागायची.

त्याच माळावर काळविटांचा मोठा कळप होता. होळी झाली की अल्याडचं गवत संपायचं आणि हरणी आपली पाडसं घेऊन पल्याडच्या कुरणात जायच्या. जायच्या त्या एकाच वाटेनं, गावापासून लांब, दोन टेकाडांच्या मधल्या खळग्यातून. तिला हरणवाट म्हणत. ती कुणी पाडली, कुणालाच सांगता येत नसे. बिरोबा पहिल्यांदा माळावर आला तोच त्या वाटेनं, हरणांच्या मागं मागं, असं म्हणतात.

पुढं सरकारनं कालवा काढायचं ठरवलं. गावाला केवढा आनंद झाला. कालवा माळाला मधोमध चिरत जाणार होता. खोल, दोन्ही अंगांना घडीव दगड, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. आणि एवढ्या टापूत त्यावर पूल होणार होता एकच. आखणी करणारे साहेब मनानं भले होते. चावडीवर बसून ते म्हणाले, "माणूस वळसा घालून जाईल, पण जनावर जात नाही. हरणं कुठून जातात तेवढं दाखवा. पूल तिथं घालू."

पूल गावच्या तोंडाशी व्हावा असं प्रत्येकाच्या मनात होतं, पण साहेबांच्या तोंडावर खोटं बोलायचं कुणी? शेवटी पाटील म्हणाले, "ठकूला इचारा, साहेब. रानात तीच असती."

ठकू आली. साहेबांनी तिलाही तेच विचारलं. बायडा तेव्हा पोटुशी होती, पहिलटकरीण. पूल हरणवाटेवर गेला, तर समोर दिसणारं लेकीचं घर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर जाणार होतं. ठकूच्या डोळ्यांपुढं तो पल्याडचा धूर आला.

"हरणांना कसली आलीया वाट, साहेब," ती म्हणाली. "वारा न्हेईल तिकडं जात्यात. कुठनंबी जात्यात."

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. ते म्हणाले, "तुम्ही रानातल्या. तुम्ही म्हणता तर तसं असेल." आणि पूल गावच्या तोंडाशी झाला. गावानं ठकूला डोक्यावर घेतलं. पाटलांनी तिला नवीकोरी काळी घोंगडी दिली.

कालव्याला पाणी सुटलं. कधी नव्हे तो माळावर हिरवा हरभरा उभा राहिला. बायडा बाळंत झाली, पोरगी झाली, आणि लेकराला खांद्यावर टाकून ती पुलावरून आईकडं येऊ-जाऊ लागली. त्या हिवाळ्यात ठकूएवढं सुखी माळावर कुणी नव्हतं. खोटं बोललेलं माणूस इतकं निवांत कसं झोपतं, हे मला अजून कळत नाही. पण ती झोपत होती.

मग होळी झाली. ठकू मेंढरं घेऊन टेकाडाशी होती. दिवस चांगला वर आला होता. कळप आला, खळग्यात उतरला आणि काठाशी थबकला. म्होरक्या हरणीनं पाणी हुंगलं. मागून कळप लोटत होता. तिनं झेप घेतली आणि ती पार गेली. तिच्यामागं बाकीच्या हरणी गेल्या. आया गेल्या म्हणून पाडसांनीही उड्या घेतल्या. त्यांचे पाय ते केवढेसे. सगळी पाण्यात पडली. वर चढू बघत होती, पण गिलाव्यावर खूर ठरत नव्हता. ठकू धावली. तिनं घोंगडीचं एक टोक हातात धरून दुसरं पाण्यात सोडलं आणि "धरा रं, धरा" म्हणून ओरडत राहिली. पाडसाला घोंगडी धरता येत नाही, हे तिला तेव्हा सुचलंच नाही.

पाणी त्यांना घेऊन गावाकडं गेलं. बायडा त्या वेळी लेकराला घेऊन पुलावर आली होती, चैत्राच्या जत्रेला माहेरी निघालेली. तिच्या पायांखालून ती पाडसं एकामागून एक वाहत गेली. ती तशीच काठाकाठानं पळत सुटली आणि दिवस कलता आईपाशी पोचली.

"आई, त्यांची वाट हितनं हाय, तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग साहेबाला का न्हाई सांगितलंस?"

"तू दिसावीस म्हणून," ठकू म्हणाली.

बायडानं लेकरू उराशी आवळलं. पल्याड हरणी काठावर उभ्या होत्या. हाकलल्या तरी हलत नव्हत्या, गवताला तोंड लावत नव्हत्या. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ठकू लेकीला म्हणाली, "तू तुज्या घरी जा. ह्या हरणी फिरून लेकरं घिऊन पल्याड जातील, तवा मी तुज्या दारात यीन. तवर मी यायची न्हाई, तूबी यायचं न्हाई." दोघी रडल्या. बायडा पूल ओलांडून गेली.

ठकूनं कचेरीचा उंबरा झिजवला. ते साहेब बदलून गेले होते. नवे म्हणाले, पूल झाला, दुसरा होत नाही. गावातही तिचं कुणी ऐकेना. पूल सोयीचा होता आणि हरभरा गोड होता. मग ती एकटीच हरणवाटेवर जाऊन कालव्यात धोंडे टाकू लागली. आज टाकलेला धोंडा उद्या जागेवर नसे. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. संध्याकाळी ती काठावर बसून पल्याडचा धूर बघे, आणि पल्याड बायडा अल्याडचा. मध्ये पूल धड उभा होता आणि त्यावरून सारं जग येत-जात होतं.

पुन्हा होळी आली. कळप आला, पण अर्धा. हरणी काठाशी थांबल्या, नवी पाडसं त्यांच्या पोटाशी. ठकूनं घोंगडी पाठीवर घेतली आणि ती पाण्यात उतरली. तिनं हात पल्याडच्या दगडांना लावले, पाय अल्याडच्या दगडांना, आणि मान खाली घातली. तिची पाठ कालव्याएवढी रुंद झाली, असं म्हणतात. पाणी तिच्या कुशीखालून मुकाट्यानं वाहू लागलं. एकेक पाडसू घोंगडीवर पाय ठेवून पार गेलं, आणि प्रत्येकाच्या मागं त्याची आई.

शेवटचं पाडसू उतरलं. ठकूनं मान वर केली. समोर, पल्याडच्या काठावर, कळपाची वाट बघत आलेली बायडा उभी होती, लेकराला घेऊन, हात पुढं करून. दिलेला शब्द पुरा झाला होता. लेकीचं दार मोकळं झालं होतं. ठकूनं हात उचलला, आणि पाण्यानं तिला नेलं.

घोंगडी मात्र तिथंच राहिली. दोन्ही काठांना चिकटून ताणलेली, गावच्या गड्यांनी ओढली तरी निघेना. तिच्यामागं पाणी अडून राहिलं, ते पहिले भले साहेब येईपर्यंत, असं म्हणतात. त्यांनी काही विचारलं नाही. तिथं रुंद पूल बांधला, त्यावर माती पसरली आणि माळाचं गवत लावलं.

आज हिंगणमाळावर ठकूला ठकाई म्हणतात. होळीनंतर त्या पुलाकडं कुणी फिरकत नाही, कुत्रीसुद्धा बांधून ठेवतात. रस्ता असो, पाट असो, विजेचे खांब असोत, आखणीवाले आले की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काळी घोंगडी पांघरून त्यांच्यापुढं बसते आणि हरणवाट कुठं आहे ते खरं सांगते, मग ते सांगणं तिच्या स्वतःच्या घरावर का येईना. आणि हरणी पाडसांना घेऊन पार झाल्याशिवाय या गावात जत्रेला लेक आणत नाहीत. आधी हरणी, मग लेकी.

मध्यंतरी मोठा रस्ता झाला. म्हातारीनं सांगितलं होतं, पण आखणी आधीच लांबच्या कुठल्यातरी कचेरीत ठरलेली होती, आणि रस्ता हरणवाट तोडूनच गेला. त्या वर्षी कळप आला नाही. गावच्या लेकी गाठोडी आणि पोरं घेऊन पल्याड थांबल्या, आया अल्याड. जत्रेचा ढोल वाजून संपला. कुणी गावच्या पुलावर पाऊल टाकलं नाही. दिवस मावळला तशा लेकी माघारी वळल्या.

तेव्हापासून कळप कधी येतो, कधी येत नाही. आया मात्र दर वर्षी होळी झाली की टेकाडावर जाऊन बसतात आणि रस्त्याच्या बाजूला बघत राहतात.