लाभ, दोन, तीन

खळ्यावर धान्य मोजणाऱ्या येसू मापाऱ्याच्या पोरीला, गजराला, राजाच्या पाठशाळेची परीक्षा द्यायची होती, आणि घरात अक्षर ओळखणारे कोणी नव्हते.

भुजंगराव राजाच्या पाठशाळेत दरसाल दहाच मुले घेत. नापास झालेल्याला पुन्हा कधी परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा नारोशास्त्री घेई, आणि वर्षभर शिकवणीही तोच घेई. येसू जोंधळ्याचे पोते घेऊन त्याच्याकडे गेला.

"तूप आणलंस?" शास्त्र्याने विचारले.

"जोंधळे आहेत."

"जोंधळ्यानं बुद्धी जड होते. घेऊन जा."

येसूने पोते पुन्हा खांद्यावर टाकले. विनवण्या करायची त्याला सवय नव्हती. त्याने पोरीला खळ्यावर नेले आणि धान्याच्या राशीपुढे बसवले.

"मोज."

गजरा मोजायला शिकली. आधी दहापर्यंत, मग शंभरापर्यंत, मग झोपेतसुद्धा. येसूने तिला दोनच गोष्टी बजावल्या. "मोजताना इकडंतिकडं बघायचं नाही. आणि वाद झाला तर तोंड चालवायचं नाही. ज्याचा वाद, त्याच्या देखत रास पुन्हा मोजायची."

"आणि वाद राजाचा असला तर?"

"राजाची रास काय निराळी असते?"

एक गोष्ट मात्र येसूच्या ध्यानात आली नाही. खळ्यावर मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. धान्याला बरकत यावी म्हणून. येसूचा बाप तसेच म्हणे, त्याचा बापही. गजराही तेच शिकली.

परीक्षेच्या दिवशी दरबार भरला. तूप पोचवलेली मुले घडाघडा बोलून गेली. गजराची पाळी आली. शास्त्र्याने तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ओतला.

"मोज."

गजराने मांडी घातली. "लाभ, दोन, तीन..."

"थांब. 'एक' कुठं गेला? घरी विसरलीस?"

दरबार खदखदा हसला. राजा डुलकी घेत होता, तो जागा झाला. "काय झालं?"

"पहिल्याच पावलाला चूक, महाराज."

"चूक तर चूक. काढा नाव."

पोर चुकली नव्हती. शिकवणारा चुकला होता. येसू पुढे झाला.

"महाराज, मोजणी बरोबर आहे. मी शिकवली आहे."

"मी चूक म्हणालो," राजा म्हणाला. "बोललेला शब्द मी गिळत नाही. हां, एक कर. पोरीची मोजणी बरोबर आहे, असं दिवस मावळायच्या आत माझ्याच तोंडून वदवून दाखव. पोर पाठशाळेत जाईल. नाही वदलो, तर तुझं मापही काढून घेईन."

शास्त्री मिशीत हसला. "महाराजांच्या तोंडून? याला म्हणावं, त्यापेक्षा खांबाला बोलतं कर."

गजराने येसूच्या बाराबंदीचे टोक ओढले.

"बा, वाद झाला ना?"

"झाला."

"मग रास मोजायची." ती राजाकडे वळली. "महाराज, तुमची रास कुठंय?"

कोठीच्या दारात वडगावची गाडी आली होती. राजाला द्यायचा वीस पायल्या जोंधळा अंगणात ओतलेला होता. राजा, शास्त्री, सगळा दरबार तिथे गेला. येसूने पायली भरली, हाताने सपाट केली.

"लाभ."

"थांब, बा. शास्त्रीबुवा, ही मोजली का?"

शास्त्री ताठ झाला. "मुळीच नाही. लाभ म्हणजे एक नव्हे."

"नक्की?"

"शंभरदा सांगेन."

"मग मोजली नाही ती महाराजांची नाही. वडगावकर, पोतं धरा."

वडगावच्या गाडीवानाने लगेच पोते धरले. असली संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. आता येसूच्या डोक्यात उजेड पडला. त्याने पायली पोत्यात रिकामी केली आणि चेहरा दगडासारखा ठेवून पुढे मोजायला लागला.

"दोन. तीन. चार..."

राजाच्या बाजूला ढीग वाढत गेला. "वीस," येसू म्हणाला, आणि मूळ राशीत दाणा उरला नाही.

"वीस झाल्या," गजरा म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."

गाडीवानाने पोत्याचे तोंड बांधले, गाडीत टाकले आणि बैलांचे कासरे धरले.

"ए, थांब," राजा ओरडला. "माझी पायली कुठं नेतोस?"

"तुमच्या वीस झाल्या की, महाराज."

"कसल्या वीस? ढिगात एकोणीसच आहेत."

कोठी सांभाळणारा कोठावळा राजाच्या कानाशी लागला. "महाराज, सुगीला सहाशे राशी येतात. प्रत्येकीमागं अशी एक पायली गेली तर..."

राजाचे डोळे मोठे झाले. "उतरव ते पोतं. ती पहिली पायली धरायची."

"काय म्हणून धरायची, महाराज?" गजराने विचारले.

"एक म्हणून. आणखी काय म्हणून?"

"पण बा तर लाभ म्हणाला."

"म्हणू दे. लाभ म्हणजे एकच. लाभापासून मोजलं की मोजणी बरोबर येते."

गजराने बापाकडे बघितले.

"बा, दिवस मावळला का?"

"नाही. अजून कासराभर वर आहे."

राजाने सूर्याकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, आणि पोट धरून हसू लागला. हसता हसता त्याचा मुकुट कानावर आला.

"येसू, ही पायली पोरीची. तुला पागोटं, आणि कोठीचं माप आजपासून तुझ्या हाती. शास्त्रीबुवा, निवडलेली मुलं ओळीत उभी करा आणि मोजा. गजरा पहिली."

शास्त्र्याने गजराकडे बोट केले. "ए..."

राजा खाकरला.

"लाभ," शास्त्री म्हणाला. "दोन, तीन, चार..."