गारपेठीची मिशावाली मारबत

या, जवळ या. दात खरे आहेत, पण ती चावत नाही.

मारबत तुम्ही दुसऱ्या गावांत पाहिली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर माती आणि कागद, मोकळे केस, लोंबती जीभ, बाईचं रूप. गावातला खोकला, ताप, डास, भांडणं, सगळं तिच्या माथी मारायचं, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून बोंबलायचं आणि शिवेबाहेर नेऊन जाळून टाकायचं. घाण उचलायला बाईच लागते, हे सगळीकडच्या म्हाताऱ्यांचं एकमतानं ठरलेलं आहे.

आमच्या गारपेठीची मारबत मात्र मिशावाली. नाव बाईचं, डोक्यावर पागोटं, हातात काठी, ओठांत माणसाचे दात रोवलेले, बोटांना माणसाची नखं चिकटवलेली. शिव येईपर्यंत चादरीखाली झाकलेली, आत्ता तुमच्यासमोर उघडली. आणि शिवेपलीकडं, त्या मोहाच्या झाडाखाली, पाच दगड. पाचही गावाकडं तोंड करून बसलेले.

दगडांपाशी लावलेला फलक वाचलात? ‘गावासाठी पंचांनी आत्मसमर्पण केले ते पवित्र स्थान.’ तो म्हाताऱ्यांनी लावला आहे. ते देतील ती माहिती आणि ते देतील तो नारळ, दोन्ही तपासून घ्यावं. मी सांगतो ती गोष्ट धानाच्या रोवणीला वाकलेल्या बायका सांगतात. त्यांना फलक लावायला कोणी विचारलं नाही.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. त्या पावसाळ्यात गावात मरी आली. हगवण आणि ओकारी, सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी तिरडीवर. एका घरचं मयत पोचवून यावं तोवर दुसऱ्या घरात रडारड. मेलेल्यांची लुगडी-धोतरं धुवायची गावच्या तळ्यात, बैल धुवायचे त्याच तळ्यात आणि प्यायचं पाणीही त्याच तळ्याचं.

बिरजा नावाची एक तरुण सून होती. नवरा मरीनं गेलेला, कडेवर दूधपितं लेकरू. तिच्या माहेरी अशीच मरी आली होती आणि तळं सोडून झऱ्याचं पाणी प्यायल्यावर ती थांबली होती. म्हणून ती पाणवठ्यावर बायांना म्हणाली, “माय वो, हे पानी नका पिऊ. टेकडीखालचा झरा हाये ना, तिथलं आना.”

बस. एवढंच बोलली.

तळं खोदलं होतं डोमाजी पाटलाच्या आजोबानं. तळ्याला नाव ठेवणं म्हणजे पाटलाच्या आजोबाला नाव ठेवणं. पंच बसले. पाच जण होते: डोमाजी पाटील, उरकुडा महाजन, झिटू भगत आणि आणखी दोघं, ज्यांचं आयुष्यभराचं काम पाटलाच्या बोलण्यावर मान हलवणं एवढंच होतं, त्यांची नावंसुद्धा कोणी लक्षात ठेवली नाहीत. गावात माणसं मरत होती आणि हे पाच जण आजोबाच्या अब्रूवर विचार करत होते. विचार करून निकाल दिला: तळ्यात दोष नाही, सुनेत आहे. मरी तिच्या माहेराहून तिच्या पायानं आली. यंदाची मारबत बिरजाच्या रूपाची करायची, आणि मारबतीसोबत बिरजालाही शिवेबाहेर काढायचं. भगतानं त्याला देवाचा शिक्का मारला. “जिचं रूप मारबतीले, तिनं मारबतीमागं जावं. मरी गावातून उठून जाईपर्यंत वापस येऊ नये. आन् गावानं बोलावल्याबिगर तं येऊच नये.”

भर पावसात, वाघाच्या जंगलात, तान्हं लेकरू घेऊन. म्हणजे काय होणार हे पाचांनाही कळत होतं. त्यांनी फक्त ‘मारा’ हा शब्द वापरला नाही.

मारबत करायची चैतीबाई बुरडीण. सुपं-टोपल्या विणणारी, तोंडानं फटकळ, म्हणून तिला कोणी ओट्यावर बसू देत नसे. गारपेठीची तेव्हाही रीत अशी की मारबतीला बाजारातलं काही लावायचं नाही. घराघरातून दुखण्याची वस्तू यायची: केस, नख, फाटकं नेसूचं, झिजलेली वहाण. ज्याची वस्तू मारबतीवर गेली, त्याचं दुखणं मारबतीसोबत गेलं, अशी समजूत. चैतीबाईनं पंचांना सांगितलं, “बिरजाचं रूप पायजे तं बिरजाचं कायतरी आना. केस आना, नाईतं लुगड्याचा काठ आना.”

आता आणायला कोण जाणार? पाटील म्हणाला, महाजनानं जावं. महाजन म्हणाला, हे भगताचं काम. भगताला त्या दिवशी नेमकं सोवळं आठवलं. उरलेल्या दोघांनी नेहमीप्रमाणं मान हलवली, पण जागेवरून हलले नाहीत. मरी ज्या घरातून आली असं यांनीच ठरवलं, त्या घराच्या दारात उभं राहायची यांच्यापैकी एकाची छाती नव्हती. शेवटी पाटील म्हणाला, “राहू दे व चैते. तू आपली अंदाजानं कर.”

स्वतःच्या वस्तू द्यायला मात्र पाचही जण धावले.

पाटलानं आधी मिशीचे चार केस पाठवले. मग त्याला कळलं की महाजनानं अंगातली अख्खी बंडी दिली. म्हणजे महाजनाची मरी जास्त जाणार आणि आपली थोडी राहणार! पाटलानं लगेच मिशीची दोन्ही टोकं कापून पाठवली आणि वर डोक्याचं पागोटंही. ते ऐकून महाजनानं धोतर दिलं, कानातली बाळी दिली आणि बोटांची नखं अशी मुळापासून काढून घेतली की तो चार दिवस हातानं जेवू शकला नाही. भगताचा एक दात हलत होता. त्यानं दोरा बांधून तो ओढून दिला. मग मनात आलं, एकच दिला तर मरी बाकीच्यांमध्ये लपून बसेल. शेजारचे दोन न हलणारेही उपटून दिले, म्हणे. त्याच्या ओरडण्यानं लोकांना वाटलं, आणखी एक गेला. पाटलानं शेवटी हातातली काठी पाठवली. मान हलवणाऱ्या दोघांनी एकेक भुवई भादरून दिली, कारण त्याहून जास्त काय द्यावं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गावात ज्यांची घरं उघडी पडली होती, त्या लोकांनी एखादी चिंधी दिली, एखादा केस दिला. त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं.

चैतीबाई येईल ते घ्यायची आणि विचारायची, “आनखी हाये का जी?” आणखी यायचंच.

भगतानं एक हुकूम काढला होता. मारबतीची नजर वाईट, म्हणून ती शिवेपर्यंत झाकून न्यायची, तिथंच चादर काढायची. खरं कारण वेगळं. मातीची असली तरी बिरजाच्या तोंडाकडं बघायला पाचांना नको होतं.

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला. मारबत गाडीवर चढवली. पुढं पंच, डोक्याला नवी पागोटी बांधून. पाटलाच्या नाकाखाली मधोमध तेवढी मिशी उरली होती, तीही त्यानं पिळून घेतली. मागं गाव, आणि सगळ्यांच्या मागं, कोणी शिवणार नाही एवढ्या अंतरावर, लेकराला पदराखाली घेतलेली बिरजा. रडत नव्हती. लेकरू रडत होतं.

शिव आली. पाटलानं घसा साफ केला. “बिरजे, समोर ये. पाह्य आपलं रूप, आन् चालती हो.”

चादर ओढली.

डोक्यावर पाटलाचं पागोटं. नाकाखाली पाटलाच्या मिशा. हातात पाटलाची काठी. अंगात महाजनाची बंडी, कानात महाजनाची बाळी, बोटाबोटाला महाजनाची नखं. उघड्या तोंडात भगताचे दात, मुळाशी अजून रक्त वाळलेलं. डोळ्यांवर दोन वेगवेगळ्या भुवया, एक पांढरी, एक काळी.

घरातली तीन माणसं जाळून आलेली एक म्हातारी पुढं झाली, वाकून बघितलं आणि हसत सुटली. “अगो माय वो! हे तं आपले पंच होत!”

बिरजा मारबतीजवळ गेली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाटलाकडं वळून तिनं विचारलं, “याच्यात मी कुठं हाव जी?”

पाटील चैतीबाईवर धावला. “चैते, हे का करून ठेवलं व?”

“घरोघरून जे आलं ते लावलं,” चैतीबाई म्हणाली. “इच्या घरून काईच नाई आलं. आनाले गेलतं कोन? तुमी गेलते? भगतजी, तुमी?”

भगत तोंड उघडू शकत नव्हता. उघडलं असतं तर खिंडार दिसलं असतं.

“मी गावाचा पाटील हाव!” डोमाजी ओरडला.

“हाव ना जी,” चैतीबाई म्हणाली, “म्हनून तं ओळखू आले.”

हसणं थांबलं होतं. पंचांनी लोकांकडं पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की समोर उभ्या असलेल्या प्रत्येकानं त्या महिन्यात कोणीतरी जाळलं होतं. मागून एका बाईनं हळूच आरोळी दिली, “घेऊन जा गे मारबत!” दुसरीनं उचलली. मग सगळ्यांनी. हाच नियम यांनी केला होता: ज्याचं रूप, त्यानं जावं. मोडावा तर भगताचा देव खोटा ठरणार आणि पाळावा तर चालायला लागणार. पाचही जण चालायला लागले. शिव ओलांडताना पाटील म्हणाला, म्हणे, “आमी इथंच बसतो मोहाखाली. मरी उठली का बोलवा.”

मारबत जाळली. लोक परत फिरले, ते वाटेत टेकडीखालच्या झऱ्यावर थांबूनच. आता ‘नको’ म्हणायला गावात कोणी नव्हतं. झऱ्याचं पाणी घरोघर गेलं आणि आठवड्यातच मरी गावातून उठून गेली. बिरजाचं लेकरू वाचलं. गारपेठीतली अर्धी घरं आज त्याच्याच वंशातली आहेत.

पंचांना बोलवायला मात्र कोणी गेलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. धान निसवलं, कापणी आली. महिन्यांनी कोणाला तरी आठवण झाली, तेव्हा मोहाखाली पाच दगड होते, गावाकडं तोंड करून. वाट बघून बघून दगड झाले, असं सांगतात. यालाच फलकावर आत्मसमर्पण म्हटलंय.

आजही पोळ्याच्या दिवशी गारपेठीत एकही म्हातारा हजामत करत नाही. नखं कापून पुडीत बांधून उशाखाली ठेवतात. वस्तू गोळा करणारी टोपली पहिल्यांदा बिरजाच्या जुन्या घराच्या दारात थांबते आणि तिथून रिकामीच पुढं जाते. तुम्हाला दिसतात हे दात म्हणाल, तर एका सासऱ्यानं दात पडला की जपून ठेवायची सवय लावून घेतली होती. सुनेनं डबीच टोपलीत ओतली.

आजही शिवेवर चादर निघाली की गावातली सगळ्यात नवी सून पुढं होते आणि विचारते, “याच्यात मी कुठं हाव जी?” साऱ्या म्हाताऱ्यांना मान खाली घालून उत्तर द्यावं लागतं, “कुठंच नाई, माय.” यंदा त्यांनी ही प्रथा बंद करायचा ठराव मांडला होता. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणे. सुनांनी विचारलं, मग चादर काढायला पुढं कोण येता? एकही उठला नाही; चादरीखाली आपलीच मिशी निघाली तर?

काढा, हवे तेवढे फोटो काढा. पण आरोळी देऊन झाली आणि आपण परत फिरलो की घरी पोचेपर्यंत कोणी कोणाला हाक मारायची नाही. मागं राहिलेल्याला ‘चला’ नाही, ‘या’ नाही. आजही गारपेठीत हे पाळतात. मोहाखाली ते पाच अजून कान लावून बसलेत, कोणीतरी बोलावेल म्हणून. बोलावलं तर उठून येतील, आणि आम्हाला गावात आहेत तेच सांभाळवत नाहीत.