पास्कूने टर्की भाजली

वसईकडच्या एका गावात एक भोळा पास्कू होता. गावात भोळे आणखीही होते, आम्ही सगळे धरून, पण आम्हाला आपण शहाणे आहोत असं वाटायचं. पास्कूचा तसा काही गैरसमज नव्हता. कोणी विचारलं तर तो सरळ सांगायचा, "माझं डोकं टोपी ठेवायला दिलंय." त्यामुळे तो ते डोकं मध्ये आणतच नसे. आय सांगेल ते ऐकायचं, मनात पक्कं बसवायचं आणि पुढच्या वेळी न चुकता तसंच करायचं. आता पुढची वेळ मागच्या वेळेसारखी नसते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

या पास्कूचं लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. मग शेजारच्या गावच्या कार्मेलीनचं नाव निघालं. कार्मेलीन चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत उभी राहायची. पास्कूला ती फार आवडायची. ती गायला लागली की तो गुडघे टेकायला विसरायचा, आणि सगळे उठले की एकटाच टेकायचा. ही मुलगी नाही म्हणाली तर आपण लग्नच करायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

कार्मेलीनचे वडील शिमावकाका उभी हयात बोटीवर बटलर होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन जेवायला येतो, असा त्यांनी निरोप धाडला. पास्कूची आय, रेमेत, तिला घाम फुटला. बोटीवर गोऱ्या साहेबांना अख्खी भाजलेली टर्की वाढलेल्या माणसाला आपण बदकाचा रस्सा कसा वाढायचा? तेव्हा टर्कीच भाजायची असं ठरलं. कॅनडातल्या मावशीने मागे एक भट्टीची पिशवी पाठवली होती. दिसायला प्लॅस्टिकची, पण भट्टीत वितळत नाही. तिच्यात पक्षी घालून भाजला की मांस लोण्यासारखं मऊ होतं, असं मावशी फोनवर म्हणाली. आमच्या गावात कोणाचा विश्वास बसला नाही, पण बघून सगळे गेले.

एवढं ठरलं आणि रेमेत केळीच्या वाडीत घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता आय खुर्चीत बसून सांगणार आणि पास्कू करणार. हे कळल्यावर शेजारची काकू म्हणाली, त्यापेक्षा तुम्ही पायांनी करा. पण ती हसत म्हणाली, आणि पास्कूही हसला.

पहिल्या दिवशी आयने त्याला अंतोनच्या बेकरीतून पाव आणायला धाडलं. अंतोनने भट्टीतून काढलेले गरम पाव दिले. पास्कूने ते पिशवीत कोंबले, गाठ मारली आणि घरी आणले. घरी येईपर्यंत पावांचा लगदा झाला.

आय म्हणाली, "अरे, गरम वस्तू पिशवीत घातली की पिशवीला चार भोकं पाडावीत. वाफ निघून जाते."

"कळलं," पास्कू म्हणाला. "माझंच डोकं टोपीचं."

दुसऱ्या दिवशी आयने काकूकडून रस्सा आणायला सांगितलं. काकूने कढत रस्सा पिशवीत ओतून दिला. गरम वस्तू, पिशवीत. पास्कूने खिशातून खिळा काढला आणि नीट चार भोकं पाडली. वाफ निघून गेली. वाफेबरोबर रस्साही निघून गेला. पास्कू घरी पोचला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती आणि मागे गावातली सगळी कुत्री.

आयने डावा हात कपाळाला लावला. "अरे, असल्या वेळी भोक पाडायचं नाही. तोंड घट्ट बांधायचं आणि घरी येईपर्यंत उघडून बघायचं नाही."

"कळलं," पास्कू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो टर्की आणायला गेला. पोल्ट्रीवाल्याने चांगली धष्टपुष्ट टर्की निवडून दिली. पास्कूने ती गोणीत घातली, तोंड घट्ट बांधलं आणि वाटेत एकदाही उघडून बघितलं नाही. आतून धडपड ऐकू आली तेव्हा त्याला फार वाईट वाटलं, पण आयचा शब्द तो शब्द. घरी गोणी सोडली तर टर्की मान टाकून पडलेली. डोळे पांढरे, श्वास तेवढा चालू.

"अरे, जीव आहे तो!" आय म्हणाली. "जीव दारात आला की पाहुण्यासारखं वागवावं. पाणी द्यावं, सावलीत बसवावं, दोन शब्द गोड बोलावेत."

पास्कूने टर्कीला मागच्या बदामाखाली नेलं. पाणी पाजलं. बसायला जुनी वेताची खुर्ची दिली. मग दोन शब्द गोड बोलायला बसला, ते दिवेलागणीपर्यंत बोलतच राहिला. कार्मेलीन कशी गाते ते सांगितलं. ती नाही म्हणेल अशी भीती वाटते, तेही सांगितलं. टर्कीने मध्ये एकदाही त्याला मूर्ख म्हटलं नाही. असं ऐकणारं त्याला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

पुढच्या सकाळी शेजाऱ्याची बकरी मागच्या फाटकातून वाडीत शिरली. जीव दारात आला होता. पास्कूने तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि तब्येतीची चौकशी केली. बकरीने पाहुण्यांसाठी राखलेला कोबी खाल्ला, मग मुळा खाल्ला आणि जाताना दोरीवरची आयची ओढणी चघळून गेली.

आय खुर्चीतून अर्धी उठली. बकरीला कोणी पाहुणचार करतं का, तिने विचारलं. पास्कू म्हणाला, बकरी ओळखीची होती.

"ओळखीची असली म्हणून काय झालं? मागच्या फाटकातून जो शिरेल त्याला काठी दाखवायची आणि हाकलून लावायचं. मग तो कोणी का असेना."

"कळलं," पास्कू म्हणाला, आणि एक चांगली काठी निवडून फाटकाशी ठेवली.

नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेमेत काकूच्या आधाराने चर्चमध्ये मिस्सेला गेली. जाताना सांगून गेली की जुझेमामा येऊन टर्की कापून देईल. जुझेमामा हा रेमेतचा सख्खा भाऊ. गावातले डुक्कर, बदक, कोंबडे सगळे तोच कापायचा. तो बोलल्याप्रमाणे आला, हातात सुरी घेऊन, आणि घरचाच माणूस म्हणून आला मागच्या फाटकातून.

पास्कूने काठी उचलली. मामा आधी हसला. मग पहिली काठी पोटरीवर बसली. मामा सुरीसकट केळींतून पळाला, त्याच्यामागे पास्कू, पार रस्त्यापर्यंत. टर्की वेताच्या खुर्चीवरून हे सगळं बघत होती.

रेमेत परत आली. पुढच्या ओटीवर बसूनच तिने विचारलं, जुझे येऊन गेला का. पास्कू म्हणाला, येऊन गेला. मग ती निश्चिंत झाली आणि तिने मावशीची कृती सांगायला घेतली. सकाळचे पाव निघाले की अंतोन गावाला भट्टी मोकळी करून द्यायचा आणि घरोघरचे ट्रे आत जायचे. वेळ थोडा होता, चूक परवडणार नव्हती, म्हणून ती एकेक गोष्ट सावकाश सांगत होती.

"पिशवीत चमचाभर मैदा घाल आणि हलव, म्हणजे ती फुटत नाही. तळाला कांदे-बटाटे घाल. वाटीतला मसाला हाताने नीट चोळ. मग तोंड बांध आणि भोकं पाड. ट्रेमध्ये ठेवून अंतोनकडे दे. जेवढं सांगितलं तेवढंच कर. आपल्या मनाचं काही घालू नकोस."

पास्कूला इथे एक शंका आली. "आय, भोकं पाडायची की नाही पाडायची?"

"पाडायची," आय म्हणाली, आणि आज पोरगा लक्ष देऊन ऐकतोय म्हणून तिला भरून आलं. "आणि हे बघ, बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. अर्धा तास तशीच ठेवायची. घाई केली की सगळा रस वाहून जातो आणि मग काही चव राहत नाही."

पास्कूने तसंच केलं. मैदा घातला, हलवला. कांदे-बटाटे घातले. मसाला बटाट्यांना एकेक करून चोळला. मनाचं काही घातलं नाही. भट्टीशी अंतोनने ट्रे उचलला आणि म्हणाला, "फार हलकी लागते रे."

"परदेशी पिशवी आहे," पास्कू म्हणाला. अंतोनने मान डोलावली. परदेशी वस्तू हलक्या असतात, हे त्याने ऐकलं होतं.

भट्टीत पिशवी टम्म फुगली. आतून मैद्याने आणि मसाल्याने अशी तपकिरी झाली की बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पास्कू ट्रे घेऊन घरी आला तेव्हा शिमावकाका आणि कार्मेलीन येऊन बसले होते. ट्रे मेजावर मधोमध ठेवला. शिमावकाकांनी तिरक्या नजरेने पिशवी बघितली, वास घेतला आणि रंग चांगला आलाय म्हणाले. रेमेतच्या जिवात जीव आला.

शिमावकाका सरळ बोलणारे होते. ते पास्कूकडे वळले. "मुला, ही माझी मुलगी. तुझं काय म्हणणं आहे ते तूच सांग."

पास्कूच्या ओठांवर उत्तर आलं होतं. कित्येक महिने ते आतच होतं. पण लगेच उघडायचं नाही. घाई केली की चव राहत नाही. त्याने तोंड घट्ट मिटलं आणि घड्याळाकडे बघितलं. शिमावकाका थांबले. पास्कूही थांबला. काकूने खोकून बघितलं. कार्मेलीन त्याच्याकडे बघत होती, आणि त्याचे कान लाल होत होते, पण त्याने तोंड उघडलं नाही.

शेवटी शिमावकाका रेमेतला म्हणाले, मुलगा विचारी आहे. हल्लीची मुलं विचारायच्या आधी बोलतात. रेमेतला हे खरं वाटेना, पण ती बरं म्हणाली. पिशवी कापायचा मान पाहुण्यांना, म्हणून तिने कात्री शिमावकाकांच्या हातात दिली.

त्यांनी बोटीवरच्या ऐटीत पिशवी कापली. वाफ वर आली. वाफ गेली. आत बटाटे होते.

शिमावकाकांनी काट्याने बटाटे बाजूला सारले. खाली कांदे होते. "टर्की कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

त्याच वेळी घड्याळात अर्धा तास भरला. पास्कूने तोंड उघडलं. "मला फार आवडते," तो म्हणाला. "मी तिला जन्मभर सुखात ठेवीन."

"टर्कीला?"

"ती बाहेर आहे. पाणी दिलंय."

सगळ्यांनी मागच्या दारातून बघितलं. बदामाखाली वेताच्या खुर्चीत टर्की बसली होती. रेमेतने जुझेचं काय झालं ते विचारलं, आणि पास्कूने खरं ते सांगितलं. रेमेतला रडू आलं. हातातोंडाशी आलेलं स्थळ गेलं, हे तिला दिसत होतं. रडतारडताही ती शिकवायला विसरली नाही. "अरे, कोणी पातं घेऊन दारात आलं तर त्याला मारायचं नसतं. टर्की धरून निमूट त्याच्यापुढे ठेवायची असते."

"कळलं," पास्कू म्हणाला. मग त्याने पिशवीत वाकून बघितलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. "आय, मी मसाला चोळताना म्हटलंसुद्धा, चार बटाट्यांना एवढा मसाला कशाला." तो हसत होता, पण डोळे भरले होते.

शिमावकाका उठून टोपी शोधू लागले. कार्मेलीन उठली नाही. ती इतकी हसत होती की तिला उठता येईना. हसू आवरल्यावर तिने रेमेतला विचारलं, टर्की पिशवीत घाल असं तुम्ही म्हणाला होता का? रेमेतने आठवून बघितलं. ती तसं म्हणाली नव्हती.

"बाबा, बसा," कार्मेलीन म्हणाली. "आपल्या घरी तुम्ही शहाणे, दोन्ही भाऊ शहाणे. कोणी कोणाचं ऐकत नाही. सांगितलेलं ऐकणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला. नीट सांगणारं कोणीतरी पाहिजे, एवढंच. ते मी करीन."

शिमावकाका बसले. बटाटे फार उत्तम झाले होते, हे त्यांना कबूल करावं लागलं.

ईस्टरनंतरची लग्नाची तारीख ठरली. टर्कीला आता कोण कापणार? घरात तिच्याशी सगळे मन मोकळं करू लागले होते, रेमेतसुद्धा. कार्मेलीनने धडा घेतला होता. चर्चमध्ये कुठे उभं राहायचं, गुडघे कधी टेकायचे, फादरांनी विचारल्यावर अर्धा तास न थांबता हो म्हणायचं, अंगठी कोणाच्या बोटात घालायची, सगळं तिने पास्कूला सांगितलं. काहीही गृहीत धरलं नाही.

फक्त लग्नाच्या सकाळचा न्हावी तिच्या लक्षात आला नाही. नवऱ्याची दाढी करायला तो अंगणात आला, वस्तरा उघडला आणि परजू लागला. पास्कूने ते पातं बघितलं. तो निमूट मागे गेला, टर्की धरून आणली आणि खुर्चीत बसवून त्याच्यापुढे ठेवली. न्हावी म्हणाला, ही कोणाची दाढी करायची? लगीनघाईत बुडालेली रेमेत आतूनच ओरडली, "जो खुर्चीत बसलाय त्याची! आणि गळ्यापर्यंत नीट कर, आज लग्न आहे त्याचं."

न्हावीही आमच्याच गावचा. त्यानेही सांगितलं तेवढं केलं.

फादरांनी विचारलं तेव्हा पास्कू लगेच हो म्हणाला. अंगठीसुद्धा बरोबर बोटात गेली. गुडघे टेकायला तो विसरला नाही. फक्त कार्मेलीन मध्येमध्ये हसत होती, कारण नवऱ्याच्या गालावर चार दिवसांचे खुंट होते, आणि चर्चच्या दारात, पहिल्या पाहुण्याच्या मानाने बोलावलेली टर्की गळ्यापर्यंत गुळगुळीत होऊन, फुलांचा हार घालून उभी होती.