आळीतले तिसरे झाड

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. शूर होता, दानशूर होता. पण त्याचे डोळे सदा दूरच्या क्षितिजावर. आपल्या दाराशी काय उगवते, काय डोलते, याची त्याला गंधवार्ता नसे.

एके दिवशी विकटानन नावाचा मांत्रिक राजवाड्याशी आला. राजवाड्यामागच्या आळीच्या वेशीवर एक वेल चढली होती. त्याने विचारले, "राजा, ही वेल कोणती?"

राजा म्हणाला, "असेल काही रानटी. तोडा रे ती!"

सेवकांनी वेल बुंध्यातून तोडली. मांत्रिकाचे डोळे लाल झाले. "ज्याला दारचा शेजारी ओळखता येत नाही, त्याने त्याच शेजाऱ्यांत उभे राहावे!"

त्याने मूठभर माती फुंकली आणि राजा नाहीसा झाला.

कुंपणावर भारद्वाज पक्षी बसला होता. त्याने राणी कुंतलेला सांगितले, "राणी, राजवाड्यामागच्या आळीत जा. तेथे तीन अनोळखी आहेत. प्रत्येकाला खऱ्या नावाने हाक मार. त्यांतलाच एक तुझा राजा. त्याला पहिले फूल आले, की तो कायमचा झाड झाला. आणि चुकीचे नाव घेणाऱ्याच्या पायांना मुळे फुटतील."

"आणि ती नावे तूच का सांगत नाहीस?" राणीने विचारले.

"सांगितले, तर माझी पिसे गळतील. मला ती प्रिय आहेत."

राणीबरोबर आलेले प्रधानजी मोठे उत्साही. पहिले झाड लांबूनच पाहून ते म्हणाले, "यात काय अवघड? आंबा!" तोच त्यांच्या जोड्यांतून मुळे बाहेर आली. ते तिथेच उभे राहिले आणि उगाच तोंड उघडले म्हणून हळहळू लागले.

राणीने पदर खोचला. तिचे माहेर डोंगरातले. तिकडची रीत अशी, की विचारल्यावाचून पान तोडायचे नाही. तिने हात जोडले. "पान घेते, राग नसावा."

झाडाने स्वतःच एक डहाळी खाली टाकली. एका पेरावर पाच पाने होती, दुसऱ्यावर सहा. राणी घाईत पडली नाही. झाडाला फेरी घालून ती साऱ्या फांद्या न्याहाळत राहिली. बहुतेक ठिकाणी छत्रीसारखी गोल सात पाने होती. देठ मोडला तर पांढरा चीक आला.

"तू सातवीण," राणी म्हणाली. झाड लवले आणि त्याने वाट दिली.

पुढे वेशीवर तीच तोडलेली वेल लोंबत होती. मूळ तुटले, तरी पाने हिरवीगार! पाने विड्याच्या पानाच्या आकाराची, चव कडूजहर. वरून एक बारीक धागा मातीकडे उतरत होता, पण वीतभर उणा पडत होता. राणीला भडभडून आले. तिने ओंजळीने माती आणून ढीग केला आणि धाग्याचे टोक त्यात टेकवले.

"तू गुळवेल. आमच्या हातून अपराध झाला."

वेल बाजूला सरली.

तिसऱ्यापाशी मात्र गर्दी होती. अनोळखी झाड दिसताच आळीने त्याला शेंदूर फासला होता, दोरे गुंडाळले होते आणि नवसही बोलायला सुरुवात केली होती. नाव कोणीच विचारले नव्हते. फांदीच्या टोकाला एक कळी टपोरली होती.

राणी शेंदूर खरवडू लागली. आळीतली वडीलधारी अंबूआत्या आडवी आली. "राणीसाहेब, देवाच्या अंगाला नख लावता? पाप लागेल!"

"लागले तर मला लागू दे, आत्या."

पान करंजासारखे, साल अर्जुनासारखी, वास कशाचाच नाही. कोणतेच नाव बसेना. तिने हात जोडून पान मागितले. झाड गप्प. पुन्हा मागितले, तरी गप्प. तिसऱ्यांदा मागितल्यावर एक पान पडले. राणी थबकली. पहिल्या हाकेला ओ न देणारा तिच्या ओळखीचा एकच होता!

तिने गुडघ्याच्या उंचीवरचा शेंदूर पुसला. खाली जुना व्रण होता. रानडुकराच्या सुळ्याचा. त्यावर तिनेच हळद भरली होती.

राणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. नाव जिभेवर आले आणि अडले. लग्न झाल्यापासून तिने ते उच्चारले नव्हते.

भारद्वाज हळूच म्हणाला, "मांत्रिकाचा भरवसा यावरच होता."

अंबूआत्या कळवळली. "नको गं बाई! नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य सरतं."

कळी उमलू लागली.

राणीने डोळे पुसले. "आत्या, रीतीने घेतलेल्या नावाने आयुष्य सरत नाही. लग्नात तुम्हीच वाट अडवून माझ्याकडून घेववले होते."

आत्या वाटेतून बाजूला झाली. मग तिने कमरेचा करंडा सोडून राणीच्या कपाळी कुंकू टेकवले. "घे तर. मोठ्यानं घे!"

राणीने माथ्यावर पदर घेतला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा उखाणा घेतला:

"सातविणीची सात पाने, गुळवेलीचा धागा,
रत्नकेतूंचे नाव घेते, सोडा आता जागा!"

साल तडकली. शेंदराने माखलेला, दोऱ्यांत गुंडाळलेला राजा बाहेर आला. प्रधानजींची मुळे गळाली. मांत्रिकाच्या हातची माती जड झाली. ती मूठ त्याला पुन्हा कधी उचलता आली नाही.

राजा आधी सिंहासनाकडे गेला नाही. वेशीशी जाऊन त्याने हात जोडले. "गुळवेल," तो म्हणाला, "क्षमा कर."

मग तो राणीकडे वळला. "कुंतले, पुन्हा एकदा नाव घे ना."

राणी हसली. "या खेपेला पहिल्या हाकेला ओ द्याल, तर घेईन."

"ओ!" राजा म्हणाला. तिने अजून हाक मारलीही नव्हती.

राज्याला राजा मिळाला, वेलीला माती मिळाली, आमची गोष्ट मुळाला लागली.