शेवग्याची खीळ

जंगलात गाड्या चालायच्या, तेव्हाची गोष्ट. सगळ्या गाड्या सुतारपक्षीच बनवायचा. अशाच एका गाडीत पिल्लांना बसवून साळिंदरबाई ती ओढ्यावर ओढत न्यायची. एकदा उतारावर चाक निखळलं. पिल्लं करवंदीच्या जाळीत पडली म्हणून वाचली. बाईने पाहिलं, तर चाक अडवणारी खीळ टणक बाभळीची नव्हतीच. ठिसूळ शेवग्याची होती आणि मधोमध मोडली होती.

ती तणतणत सुतारपक्ष्याच्या झाडाखाली गेली.

"तुम्ही गाडी जोरात ओढली असणार," तो वरूनच म्हणाला.

"अहो, पायांत एवढा जोर असता तर गाडी घेतली असती कशाला?"

"मग रस्ता वाईट असेल."

"सशाचंही चाक असंच निखळलं, ते तर सपाट माळावर!"

"बरं, गाडी घाट चढवून इथे आणा. सवड मिळाली की बघतो."

"एका चाकावर आणू?"

बाईचं डोकंच फिरलं. ती तडक न्यायनिवाडा करणाऱ्या कासवाला घेऊन आली. त्याच्यापुढेही सुतारपक्षी छातीठोकपणे म्हणाला, "माझ्या खिळीत काहीही खोट नाही."

"मग झालं तर!" बाई म्हणाली. "ही तुमची नवी गाडी झाडाखाली उभीच आहे. खीळही तीच. बसवा तुमची पिल्लं हिच्यात. मी उतारावरून अगदी सावकाश ओढते."

सुतारपक्ष्याने ढोलीच्या तोंडावर पंख पसरले.

"मिळालं उत्तर," कासव म्हणालं. "आता एकूण एक गाडीची खीळ बदलायची. आणि गाड्या इथे मागवायच्या नाहीत. पंख तुला आहेत, तू जायचंस."