काजळीचं अंतर

फार पूर्वी गिरजा ओतारीण पितळ वितळवायच्या मुशी बनवायची. मातीत दगडातून निघणारे, न जळणारे धागे घालण्याआधी ती प्रत्येक धाग्याला काजळी फासायची. तिच्या जावेने मात्र घाईत बिनकाजळीची मूस केली.

"आपल्यात ही काजळी कशाला?" गिरजाच्या मुशीतली माती धाग्याला म्हणाली. "मला भट्टीची भीती वाटते. जावेच्या मुशीसारखं घट्ट धर ना."

"याहून घट्ट नको," धागा म्हणाला.

भट्टी पेटली. जावेच्या मुशीला तडा गेला, तो मातीतून सरळ धाग्यात घुसला आणि पितळ निखाऱ्यांत सांडलं.

मग गिरजाच्या मुशीतही तडा आला. पण धाग्यापाशी येताच तडा काजळीत घसरला, आडवा वळला आणि थांबला. धागा जरासा सरकला, तुटला नाही.

भट्टी निवल्यावर मातीने हळूच विचारलं, "काजळी शिल्लक आहे ना अजून?"